मिशांच्या बाहेर

गंगाधर वाटवे यांना रविवारची सकाळ म्हणजे शिक्षा वाटे. आठवडाभर ते बांधकाम खात्यात कारकुनी करीत आणि ती त्यांना अर्ध्या झोपेतही जमे. पण शनिवारी सांगलीच्या 'घाटवाट' साप्ताहिकात त्यांचं चित्रपट परीक्षण छापून येई. ते कुणी वाचलं असेल का, या एका विचारानं रविवारी त्यांचा पाय जमिनीवर ठरत नसे. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून परसात, परसातून पुन्हा पुढच्या खोलीत, असं त्यांचं चाललेलं असे.

परीक्षणाच्या शेवटी 'कलावंतांस दोन शब्द' असा मजकूर असे. तो त्यांचा जीव की प्राण. कुणी आवाज खाली ठेवावा, कुणी नाचाच्या वाटेला जाऊ नये, कुणी आता नायकाचं काम सोडून नायिकेच्या बापाचं धरावं, असा सल्ला ते हातचं काही न राखता देत. आजवर एकाही कलावंतानं तो मानल्याचं ऐकिवात नव्हतं.

"अहो, बसा जरा," चारुशीलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तुमच्या फेऱ्यांनी मला गरगरायला लागलंय."

"कालचं परीक्षण फार मनापासून उतरलं होतं गं."

"मग झालं तर. मनातून उतरलं ना? आता तुम्हीही बसा."

तेवढ्यात दाराची कडी वाजली. दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. एप्रिलच्या उन्हात त्यानं नाकाच्या शेंड्यापर्यंत लोकरी मफलर गुंडाळला होता, डोक्याला फेटा होता आणि काखेत वळकटी. मधे नुसते डोळे तेवढे दिसत होते.

"पेपरात शिनेमाचं लिवत्यात ते वाटवे सायेब हितंच ऱ्हात्यात काय?"

गंगाधरपंतांनी सदरा नीट केला. "मीच तो. आपण?"

पाहुण्यानं आत येऊन दार लोटलं, वळकटी खाली ठेवली आणि मफलर सोडला. चेहरा उन्हानं रापून तांब्यासारखा झालेला, पण नाकाखाली पांढरीफटक पट्टी होती. गंगाधरपंत त्या पट्टीकडे पाहत राहिले. चेहरा ओळखीचा वाटत होता, फक्त काहीतरी कमी पडत होतं.

"मी कृष्णात जमदाडे. तासगावच्या अंगाला आमची वाडी हाय. पिच्चरमधी पाटलाच्या मागं काठी घिऊन उभा असतो, त्यो मी."

आता गंगाधरपंतांना ओळख पटली. 'काळ्या रानाची शपथ' या बोलपटाच्या परीक्षणात त्यांनी या माणसाबद्दल खास लिहिलं होतं. दुष्ट पाटील गरिबाची झोपडी पेटवायला सांगतो आणि हा काठीवाला क्षणभर झोपडीकडे बघतो. त्या क्षणी त्याचे डोळे भरून आलेले पंतांनी टिपले होते. त्यावर दोन शब्द असे होते: 'श्री. जमदाडे यांच्या भरदार मिशांच्या मागे एक हळवा माणूस दडला आहे. त्यांनी आता त्या मिशांच्या बाहेर यावे.'

"आलो बगा भाईर," कृष्णात म्हणाला.

पंत मागे सरकले. "अहो, ते मी अलंकारिक लिहिलं होतं."

"म्हंजी?"

"म्हणजे... गुंडाची कामं सोडून जरा हळवी कामं करावीत, असं."

"आसं व्हय," कृष्णात विचारात पडला. "तसं लिवायचं की मग. काल न्हाव्याच्या दुकानात बसलो हुतो. त्यो ताजा पेपर मोठ्यानं वाचत हुता, आन् वस्तरा त्याच्या हातातच हुता. वाचून झाल्यावर म्हणला, काय करायचं रं कृष्णात? मी म्हणलं, एवढा शिकला-सवरला माणूस सांगतोय तर काढ."

चारुशीलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या कपबशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मग? घरी काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

कृष्णातनं मान खाली घातली. त्यानंतर जे काही त्यानं सांगितलं, ते ऐकताना गंगाधरपंत तीनदा उठले आणि तीनदा बसले. त्याच्या वाडीत मिशा काढतात त्या बाप गेल्यावर. कृष्णातचे वडील ज्ञानूआबा दोन दिवसांमागं वडूजला बहिणीकडे गेले होते. कृष्णात न्हाव्याकडून घरी आला तर बायको हरणाबाई दारातच होती. तिनं नवऱ्याचा कोरा ओठ पाहिला, फेट्याखाली डोकंही भादरलेलं असणार असं धरून चालली, आणि 'मामंजी वडूजला गेलं ते गेलंच की वो' म्हणून तिनं हंबरडा फोडला.

"तुम्ही सांगायचं नाही का?" पंत म्हणाले.

"सांगतोय की. पर ऐकतंय कोण? घटकाभरात समदी वाडी गोळा झाली. बायकांनी गळा काढला. मान्सं माझ्या पाठीवरनं हात फिरवाय लागली. मग सायेब, मलाबी शंका आली."

"कसली?"

"म्हणलं, मी दुकानात बसल्यालो असताना वडूजहून सांगावा आला असंल. मग मीबी खाली बसलो."

चारुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

"दिवस मावळाया आबा येष्टीनं आलं. दारात ही गर्दी. आबा मागं उभं ऱ्हायलं आन् शेजारच्याला इचारलं, कोण गेलं रं? त्यो बाबा मान वर न करता म्हणला, ज्ञानूआबा. आबा म्हणलं, कवा?"

पुढचं न सांगताही कळण्याजोगं होतं. ज्ञानूआबांनी गर्दी बाजूला सारली, पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली काठी उचलली. बाप जिता असताना मिशा उतरवणाऱ्या पोराला त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ज्यानं काढायला सांगितल्या त्याच्याकडं जाऊन ऱ्हा, म्हणाले.

"म्हनून आलो," कृष्णातनं वळकटीकडे बोट दाखवलं. "आता फुडं काय करायचं त्ये सांगा. तुमी कायतरी इचार केलाच आसंल."

पंतांनी काहीही विचार केलेला नव्हता. ते उठून परसात गेले आणि परत आले. "सध्या हाती काही काम आहे का तुमच्या?"

"हाय की. उद्या हरिपूरला शूटिंग हाय. नानासो इंगवल्यांचा पिच्चर. निम्मा झालाय."

"निम्मा? मिशांसकट?"

"व्हय. समदा मिशांसकटच."

त्या रविवारी गंगाधरपंत जेवले नाहीत. त्यांनी कृष्णातला मफलर बांधायला लावला आणि नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याच्या घरी नेलं. सांगलीत मिशांना तोटा नव्हता, पण त्या साऱ्या ऐतिहासिक निघाल्या. एक लावली तर कृष्णात सरदार दिसू लागला, दुसरी लावली तर फितूर कारभारी. त्यातल्या त्यात बरी एक सापडली, तर तिच्या डिंकानं तासाभरात त्याचा वरचा ओठ पुरीसारखा फुगला. मिशी काढावी लागली. आता नुसत्या कोऱ्या ओठाच्या जागी सुजलेला कोरा ओठ आला.

"सायेब, हे जास्तीच भाईर आलं," कृष्णात बोबड्या आवाजात म्हणाला.

सोमवारी पंतांनी कचेरीत पोट बिघडल्याचं कळवलं. ते खोटंही नव्हतं. टांग्यातून हरिपूरला जाताना त्यांनी नानासोंना काय सांगायचं ते मनात पाच-सहा प्रकारे जुळवलं आणि प्रत्येक वेळी शेवटी नानासो आपल्याला नदीत ढकलतात असंच त्यांना दिसलं. त्यांनी नानासोंच्या मागच्या बोलपटावरही लिहिलं होतं, आणि ते गोड लिहिलेलं नव्हतं.

नानासो इंगवले निर्मातेही होते आणि दिग्दर्शकही. संगमाच्या घाटावर छत्रीखाली बसून ते पान लावत होते. त्यांनी कृष्णातकडे पाहिलं, पान खाली ठेवलं, उठून त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि परत येऊन बसले.

"कृष्णात, मिशा कुठं हायत?"

"ह्यांनी काढाय लावल्या."

नानासोंनी पंतांकडे मान वळवली. "आपण कोण?"

"वाटवे. 'घाटवाट'मध्ये..."

"म्हंजी ते तुमी," नानासो अगदी शांतपणे म्हणाले. "वाटवे, ह्यो गडी वाड्याच्या दारातनं भाईर पडतोय तवा त्याला मिशा हायत. ते चित्र कवाच काढून झालंय. घाटावर येतोय तवा न्हाईत. वाडा आन् घाट ह्यात चार पावलांचं अंतर हाय. लोकांनी काय समजायचं? वाटंत वारं सुटलं?"

काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून पंत मनात येईल ते बोलत सुटले. "नाही, म्हणजे... माणूस मिशा का काढतो? बाप गेल्यावर काढतो. समजा, याचा बाप गेला. याही बोलपटात पाटील झोपडी जाळतच असेल, तीत याचाच बाप होता. याला ठाऊक नव्हतं. मग हा मिशा उतरवतो आणि पाटलावर उलटतो."

नानासोंनी पान तोंडात टाकलं आणि ते बराच वेळ नदीकडे बघत चघळत राहिले.

"वाटवे, माझ्या मागल्या पिच्चरला कथाच न्हाई, आसं तुमी लिवलं हुतं."

"हो, म्हणजे... लिहिलं होतं खरं."

"ह्याला हाय आता." नानासोंनी मांडीवर थाप मारली. "तिरडी बांधा रं. आन् कुठनंतरी एक म्हातारा बगा, निजवायला."

म्हातारा बघावा लागला नाही. टांग्यातून एक उतरतच होता. डोक्याला मुंडासं, पांढऱ्याशुभ्र झुपकेदार मिशा, हातात काठी. पोराला हाकलून दिल्यावर दोन रात्री ज्ञानूआबांना झोप लागली नव्हती. सकाळच्या येष्टीनं ते सांगलीत आले, पत्ता हुडकत वाटव्यांच्या घरी गेले, आणि चारुशीलाबाईंनी त्यांना चहा पाजून हरिपूरची वाट दाखवली होती.

"पेपरवालं कोण हाय ह्यात?" आबांनी विचारलं.

गंगाधरपंत कॅमेऱ्याच्या तिकाटण्यामागे सरकले. तिकाटण्यामागून ते दिसत होतेच. आबा काठी आपटत त्यांच्याकडे निघाले, पण मधेच नानासोंनी त्यांची वाट अडवली. ते दोन्ही हातांची चौकट करून आबांच्या नाकाकडे आणि मिशांकडे बघत होते.

"आबा, एक काम हाय तुमच्याजोगं. काय बोलायचं न्हाई, काय करायचं न्हाई. नुसतं पडून ऱ्हायचं."

"कशाला?"

"मेल्यागत. कृष्णातच्या बाचा पार्ट हाय."

सगळ्यांना वाटलं, आता काठी नानासोंच्या डोक्यात बसणार. कृष्णातनं डोळे मिटून घेतले. पण आबा घाटाच्या पायरीवर बसले.

"परवा माझ्या दारात कोण कोण रडलं त्ये मी मागं उभा ऱ्हाऊन बघितलंय," ते म्हणाले. "चुलतभाऊ तंबाखू मळत हुता. सून तेवढी मनापासनं रडत हुती. आन् ह्यो बहाद्दर," त्यांनी कृष्णातकडे काठी केली, "भुईला बसून खडं मोजत हुता. हितली तरी मान्सं नीट रडत्यात काय?"

"त्यांचं कामच त्ये हाय," नानासो म्हणाले.

"मग निजतो. बगू तरी."

आबांना तिरडीवर घेतलं. शोक करणारी माणसं कमी पडत होती, म्हणून नानासोंनी पंतांच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि त्यांना डोक्याच्या बाजूला उभं केलं. "घोळ तुमी घातलाय, उभं तरी ऱ्हावा," ते म्हणाले.

चित्रीकरण सुरू झालं आणि पहिल्याच खेपेला अडलं. कृष्णात बापापाशी गुडघे टेकून बसला, पण त्याच्या चेहऱ्यावर एसटीची वाट बघणाऱ्या माणसाचा भाव होता. दुसऱ्या खेपेला तोच भाव. तिसऱ्या खेपेला आबांनीच एक डोळा उघडला. "आरं रड की. ऊन लागतंय मला."

"येईना, आबा."

"आबा, तुमीबी जरा श्वास धरा," नानासो वैतागून म्हणाले. "पांघरूण वर-खाली हुतंय."

"किती येळ धरू?"

"मी कट म्हणंस्तवर."

पंतांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण दुनियेला सांगितलेला हळवा माणूस ऐन वेळी कुठं गेला? ते वाकून कृष्णातच्या कानाशी लागले. "जमदाडे, झोपडीच्या वेळी तुमच्या डोळ्यांत जे आलं होतं ना, तेच आणा."

"झोपडीच्या येळंला?" कृष्णातला आठवेना. मग आठवलं. "तवा व्हय. तवा माझं डोळं आलं हुतं. आठ दिस नुसतं पाणी गळायचं. दिव्याकडं बगवायचं न्हाई."

पंत ताठ झाले. त्यांच्या कानांत गरम वारं शिरल्यासारखं झालं. या माणसाची करुणा म्हणून जिच्यावर त्यांनी अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता, ती डोळ्यांची साथ होती. त्या साथीपायी याच्या मिशा गेल्या, घर सुटलं, एका जित्या म्हाताऱ्याचा शोक झाला, आणि तो म्हातारा आता भर दुपारी तिरडीच्या कडब्यावर तापत पडला होता. हे सगळं सांगावं का, आणि कुणाला, हे त्यांना ठरवता येईना. तोवर नानासोंनी हात वर केला होता.

या खेपेला आबांनी श्वास धरला तो धरलाच. पांघरुणाची सुरकुती हलेना. कृष्णात आपला मघासारखाच बघत बसला होता. एक माशी घोंघावत आली आणि आबांच्या नाकावर बसली. नाकावरून ती मिशांत शिरली, मिशांतून ओठावर आली. आबांची पापणीसुद्धा लवली नाही.

कृष्णातचा चेहरा बदलला.

"आबा," तो हळूच म्हणाला. आबा गप्प. "आबा, माशी हाय." आबा तरीही गप्प. "आबा, उठा की वो."

आणि मग तो मोठा गडी बापाच्या छातीवर कोसळला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मी परत मिशा काढणार न्हाई, म्हणाला. पिच्चरमधीबी काढणार न्हाई, म्हणाला. नानासोंच्या कथेत यातलं एक अक्षर नव्हतं.

पंतांनी आबांच्या निश्चल तोंडाकडे पाहिलं. सत्तरी उलटलेला माणूस, हे ऊन, आणि धरलेला श्वास. आपल्या दोन शब्दांनी एका माणसाचा जीव घेतला. त्यांना चारुशीलाबाई आठवल्या, कचेरी आठवली, आणि टोपी सावरण्याचंही भान न राहता ते तोंड उघडं टाकून हमसून हमसून रडू लागले. स्वतःच्या वडिलांच्या वेळीही ते चारचौघांत असे रडले नव्हते.

"कट," नानासो म्हणाले.

आबांनी भला मोठा श्वास सोडला. माशी उडाली. त्यांनी छातीवरच्या पोराचं डोकं दोन्ही हातांनी वर उचललं आणि त्याचं भिजलेलं तोंड नीट न्याहाळलं.

"रडलास की रं," ते म्हणाले. मग त्यांनी अंगठ्यानं त्याचा सुजलेला ओठ चाचपला. "वाढत्याल परत. चल घरला."

कृष्णातला हसावं की रागवावं कळेना. त्यानं बापाला तिरडीवरून उठवून सावलीत नेलं. जाताना आबा पंतांपाशी थांबले. पंतांनी डोळे मिटले आणि काठीची वाट पाहिली.

"तुमी माझं कोण लागत न्हाई," आबा म्हणाले, "पर चुलतभावापरीस बरं रडलात."

बोलपट दिवाळीला सांगलीत लागला. नानासोंनी सगळ्यांना पास धाडले होते. एका रांगेत गंगाधरपंत, चारुशीलाबाई, कृष्णात, हरणाबाई आणि ज्ञानूआबा बसले. तोवर कृष्णातच्या मिशा पहिल्यापेक्षा दाट आल्या होत्या आणि तो पुन्हा दुसऱ्या एका पाटलाच्या मागे काठी घेऊन उभा राहू लागला होता.

घाटाचा प्रसंग आला. पंत खुर्चीच्या कडेवर सरकले. पडद्यावर कृष्णात बापाच्या छातीवर कोसळला, आणि कोसळला तो नेमका कॅमेऱ्याकडे पाठ करून. निम्मा पडदा त्या रुंद पाठीनं व्यापला. उरलेल्या निम्म्यात गंगाधर वाटवे होते. टोपी कानावर आलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं, आणि गालांवरून पाण्याच्या धारा. सबंध थेटरात मुसमुसणं ऐकू येऊ लागलं. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ह्यो कोण गं म्हातारा? भाऊ आसंल त्येचा. लय जीव हुता."

पंत बेचाळीस वर्षांचे होते. चारुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत होत्या की काय, ते अंधारात कळत नव्हतं.

"सायेब," कृष्णात कुजबुजला, "माझी पाठ लय मोठी दिसती."

"दिसते खरी."

"परीक्षणात पाठीवर दोन शब्द लिवा. पर फुडं काय करायचं त्ये मातुर सांगू नगा."

खेळ सुटल्यावर दाराशी नानासो पान चघळत उभे होते. गर्दी डोळे पुसत बाहेर पडत होती आणि त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी थेट ज्ञानूआबांचा हात धरला.

"आबा, माझ्या फुडल्या पिच्चरमधीबी एक मेल्याला म्हातारा हाय. ह्याच्याहून मोठा पार्ट. तीन येळा दाखवायचाय. तुमच्याबिगर मला दुसरा कोण दिसत न्हाई."

गंगाधरपंतांच्या जिभेवर शब्द आले. या बाबतीत कलावंतानं काय करावं, याविषयी त्यांची मतं पक्की होती. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चारुशीलाबाईंनी त्यांचं कोपर घट्ट दाबलं.

पण आबांना कुणाला विचारायचं नव्हतं. त्यांनी नानासोंचा हात सावकाश सोडवला आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"न्हाई, नानासो. एकदा मेलो तेवढं बास. दुसऱ्यांदा मेलो तर लोकं मग कायमचं तसंच धरत्यात. जित्या माणसाचं काम आसंल तर बोला."

आणि सुनेला हाक मारून ते तासगावची येष्टी गाठायला निघाले.